एका मार्काच्या उत्तरामागचा माणूस : जॉन लोगी बेअर्ड

शाळेत असल्यापासून आपण सगळ्यांनी एक यादी पाठ केलेली आहे. टेलिफोन कोणी शोधला? बेल. रेडिओ? मार्कोनी. टेलिव्हिजन? बेअर्ड. झालं, एक मार्क खिशात, पुढचा प्रश्न. स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये हा प्रश्न पुन्हा भेटतो आणि तिथेही आपण डोळे झाकून बेअर्डवर टिक करतो.

इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र एक गंमत लक्षात येते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही खोला किंवा आताचा एलईडी खोला, बेअर्डने बनवलेल्या यंत्रातला एकही भाग त्यात सापडणार नाही. त्याची पद्धत १९३७ मध्येच बाद झाली. तीही अशी-तशी नाही, दुसऱ्या पद्धतीशी समोरासमोर स्पर्धा लागून, सगळ्यांच्या देखत हरली. मग आपलं एका मार्काचं उत्तर चुकीचं आहे का? २६ जानेवारी २०२६ ला बेअर्डच्या पहिल्या जाहीर प्रात्यक्षिकाला १०० वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने या माणसाची गोष्ट नीट समजून घेऊ, म्हणजे उत्तर चूक की बरोबर हे आपलं आपल्याला ठरवता येईल.

आजारी मुलगा, उपद्व्यापी डोकं

जॉनचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबर्ग या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. चार भावंडांत हा शेंडेफळ. लहानपणी मोठ्या आजारपणातून उठला आणि त्यानंतर तब्येतीने त्याला कधीच धड साथ दिली नाही. सर्दी, खोकला, ताप जन्मभर सोबतीला. थंडी वाढली की हा अंथरुणात.

डोकं मात्र स्वस्थ बसणारं नव्हतं. शाळेत असतानाच त्याने आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून खाजगी टेलिफोन एक्स्चेंज काढलं. एका वादळी रात्री त्यातली एक तार खाली लोंबली आणि रस्त्याने जाणारा घोडागाडीवाला त्यात अडकून खाली आला. एक्स्चेंज बंद! मग या पठ्ठ्याने घरात विजेचे दिवे लावले. त्यासाठी लागणाऱ्या बॅटऱ्याही घरीच बनवल्या.

पुढे ग्लासगोच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं. १९०६ ला प्रवेश घेतला आणि डिप्लोमा हातात पडला १९१४ ला. मधली बरीच वर्षं दुखण्यात गेली. ज्यांचे विषय राहिलेले आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. याच कॉलेजात त्याच काळात जॉन रीथ नावाचा एक विद्यार्थी होता. पुढे हाच रीथ बीबीसीचा प्रमुख झाला आणि बेअर्डला त्याच्याच दारात अनेक खेटे घालावे लागले. कॉलेजातली ओळख पुढे कामाला येतेच असं नाही.

जे जे केलं ते बुडालं

पहिल्या महायुद्धात लष्कराने त्याला तब्येतीमुळे नाकारलं. मग तो एका वीज कंपनीत लागला. तिथे त्याच्या मनात आलं की कोळशापासून कृत्रिम हिरा तयार करावा. कार्बनमधून प्रचंड करंट सोडायचा, म्हणजे उष्णता आणि दाबाने हिरा होईल. हिरा काही झाला नाही, ग्लासगोच्या एका भागातली वीज मात्र गेली. साहेब लोक खूश झाले नसणार, हे वेगळं सांगायला नको.

नोकरी सोडून तो धंद्यात पडला. त्याचे स्वतःचे पाय कायम गार पडायचे, म्हणून त्याने पाय कोरडे ठेवणारे खास पायमोजे बाजारात आणले. ते बरे खपले. पण पुन्हा आजारी पडला आणि धंदा गुंडाळला. गरम हवा मानवेल म्हणून १९१९ च्या अखेरीस तो वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला गेला. तिथे फळं स्वस्त, साखर स्वस्त, म्हणून जॅम करायचं ठरवलं. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर माश्या-मुंगळे कसे तुटून पडतात ते आपण पाहिलेलं आहे. त्याच्या कढईवर तर जंगलातले सगळे किडे आले. जॅमचा धंदाही संपला. लंडनला परतून त्याने मध विकला, खत विकलं, साबण विकला. साबण चालायला लागला तेव्हा तब्येतीने पुन्हा दगा दिला.

१९२३ च्या सुरुवातीला हा माणूस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी हवापालटासाठी येऊन राहिला. वय ३४. नोकरी नाही, धंदा नाही, शिल्लक जेमतेम. तिथेही त्याने काचेचं न गंजणारं वस्तऱ्याचं पातं करून पाहिलं आणि स्वतःचाच गाल कापून घेतला. बुटात फुगे घालून मऊ चालता येईल का हे पाहिलं, तर भर रस्त्यात फुगा फुटला. एवढं झाल्यावर त्याने ठरवलं की आता टेलिव्हिजन करायचा.

चहाचं खोकं आणि रफूची सुई

टेलिव्हिजनची कल्पना बेअर्डची नव्हती, हे इथेच सांगून टाकतो. उजेड पडला की सेलेनियम या धातूसदृश पदार्थाचा विद्युतरोध बदलतो, हे १८७३ पासून माहीत होतं. म्हणजे उजेडाचं रूपांतर करंटमध्ये करता येत होतं. अडचण अशी की तारेवरून एका वेळी एकच सिग्नल जातो आणि चित्रात तर हजारो ठिपके असतात.

यावर १८८४ मध्ये पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने तोड काढली. शेताचं उदाहरण घ्या. नांगर सगळं रान एकदम उलथत नाही. एक तास, मग दुसरं तास, असं करत तो शेवटच्या बांधापर्यंत जातो. चित्रही तसंच तासातासाने वाचायचं. त्यासाठी निपकोने एक गोल चकती सुचवली. तिच्यावर मळसूत्राच्या आकारात भोकं पाडलेली. चकती फिरली की पहिलं भोक चित्राची पहिली रेषा वाचतं, दुसरं भोक तिच्या शेजारची, आणि एक फेरा पूर्ण झाला की पूर्ण चित्र वाचून होतं. पलीकडे तशीच दुसरी चकती त्याच वेगाने फिरवायची, तिच्यामागे कमी-जास्त उजळणारा दिवा ठेवायचा. फेरे पुरेसे भराभर झाले की आपल्या डोळ्याला ठिपके न दिसता एकसंध चित्र दिसतं.

निपकोने पेटंट घेतलं, पण यंत्र उभं राहिलं नाही. कारण सेलेनियम संथ, सिग्नल अतिशय क्षीण आणि तो वाढवायला त्या काळी व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर नव्हता. १९२३ मध्ये तो बाजारात मिळत होता. वेळ आलेली होती, हे बेअर्डने ओळखलं.

त्याची लॅब कशी होती ते ऐका. भाड्याची खोली. मोटर ठेवायला चहाचं लाकडी खोकं. चकती टोपीच्या डब्याच्या पुठ्ठ्याची कापलेली. चकतीचा आस म्हणजे रफूची सुई. दिवा बसवायला बिस्किटाचा रिकामा डबा. भिंगं सायकलच्या दिव्याच्या दुकानातली. आणि हा सगळा पसारा लाख, सरस नि सुतळीने जागच्या जागी धरलेला. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या रूमवर जी परिस्थिती असते, तीच.

१९२४ च्या सुरुवातीला या यंत्राने एका साध्या क्रॉसच्या आकाराची सावली काही फुटांवर पाठवली. चेहरा नाही, उजेड-अंधार नाही, फक्त सावली. पण तारेतून आकार गेला. त्याच उन्हाळ्यात हजारापेक्षा जास्त व्होल्टचा शॉक बसून तो फेकला गेला. हात भाजले, जीव वाचला. घरमालकाने मात्र खोली खाली करायला सांगितलं.

२ ऑक्टोबर १९२५

मग तो लंडनला, सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवर २२ नंबरच्या इमारतीत वरच्या खोल्यांत आला. १९२५ च्या वसंतात सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाने गिऱ्हाईक ओढण्यासाठी त्याचं यंत्र तीन आठवडे दुकानात मांडलं. लोक नळीतून डोळा लावून अंधुक आकार बघायचे आणि पुढे खरेदीला जायचे. भाडं भागलं, पण चेहरा काही दिसत नव्हता.

प्रयोगासाठी त्याच्याकडे बोलक्या बाहुल्यांच्या खेळातलं एक मुंडकं होतं, स्टूकी बिल नावाचं. माणूस बसवणं शक्यच नव्हतं, कारण दिव्यांचा उजेड आणि उष्णता इतकी असायची की बिलचा रंग तडकला. २ ऑक्टोबर १९२५ रोजी पडद्यावर पहिल्यांदा बिलचं तोंड उजेड-सावलीसकट दिसलं. बेअर्ड जिना उतरून खालच्या ऑफिसात धावला आणि तिथल्या विल्यम टेन्टन या विशीतल्या ऑफिसबॉयला वर घेऊन आला. पोरगा दिव्यांना घाबरून मागे सरकला, तर पडदा कोरा. बेअर्डने त्याच्या हातावर अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग ठेवले, तेव्हा तो पुन्हा बसला. टेलिव्हिजनवर दिसलेला हा पहिला जिवंत चेहरा मानला जातो.

२६ जानेवारी १९२६ ला रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे ४० सभासद आणि द टाइम्सचा बातमीदार त्या अरुंद जिन्यावरून वर आले. चित्र जेमतेम कार्डाएवढं, अंधुक, लुकलुकणारं. पण ओठ हलताना दिसत होते. हालतं-बोलतं तोंड दुसऱ्या खोलीत दिसू शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं.

पुढची चार वर्षं बेअर्डची. १९२७ मध्ये लंडन ते ग्लासगो, ४३८ मैल, टेलिफोनच्या तारेवरून चित्र गेलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते रेडिओ लहरींवरून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोहोचलं. त्याच वर्षी त्याने रंगीत चित्रही करून दाखवलं. चित्राचे सिग्नल ग्रामोफोनच्या तबकडीवर रेकॉर्ड करून ठेवायचा प्रयोगही केला. त्या तबकड्यांमधून धड चित्र त्याच्या हयातीत निघालं नाही. पुढे १९८० नंतर कॉम्प्युटरवर सिग्नल प्रोसेसिंग करून ते चेहरे बाहेर काढले गेले. डीएसपीचा पेपर अवघड वाटतो त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

बीबीसी नाखूशच होती, तरी ३० सप्टेंबर १९२९ पासून तिच्या प्रक्षेपकावरून बेअर्डचं प्रक्षेपण सुरू झालं. सुरुवातीला प्रक्षेपक एकच मिळाला, त्यामुळे आधी चित्र दिसायचं आणि मग आवाज ऐकू यायचा. मार्च १९३० मध्ये दोन्ही एकदम सुरू झाले. त्याचे टेलिव्हायझर नावाचे संच दुकानात विकायलाही आले.

३० रेषांची भिंत

आता मुद्द्याचं. बेअर्डचं चित्र ३० रेषांचं होतं आणि चकती मिनिटाला ७५० फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रं. ३० च का? कारण एवढा सिग्नल रेडिओच्या मीडियम वेव्हवर आवाजाच्या जागेत मावत होता. त्यामुळे तो दूरवर जायचा आणि खर्चही कमी. हा हिशोब हुशारीचा होता. पण ३० रेषांत एक चेहरा मावतो, क्रिकेटचं मैदान मावत नाही.

रेषा वाढवायच्या तर भोकं वाढवा आणि बारीक करा. भोक बारीक केलं की उजेड त्याच्या व्यासाच्या वर्गाने घटतो. म्हणजे आणखी भगभगीत दिवे हवेत. चकती मोठी करा, तर ती थरथरते. वेग वाढवा, तर दोन्हीकडच्या मोटरी एका तालात ठेवणं अवघड. मेकॅनिकलवाल्यांना यातली अडचण जास्त कळेल. वस्तुमान असलेली गोष्ट किती वेगाने फिरवायची याला मर्यादा आहे. इलेक्ट्रॉनला ही अडचण जवळपास नाहीच.

हा दुसरा रस्ता कोणाला दिसलाच नव्हता असं नाही. १९०८ मध्येच कॅम्पबेल स्विंटन या स्कॉटिश इंजिनिअरने दोन्ही बाजूंना कॅथोड रे ट्यूब वापरावी असं लिहून ठेवलं होतं. अमेरिकेत आयडाहोच्या शेतकरी कुटुंबातल्या फायलो फार्न्सवर्थला चौदाव्या वर्षी, नांगरलेल्या शेतातली तासं पाहून, इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्र असंच ओळीओळीने वाचता येईल असं सुचलं, असं सांगतात. ७ सप्टेंबर १९२७ ला, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने एकही फिरता भाग नसलेल्या कॅमेऱ्याने एक सरळ रेषा पाठवून दाखवली. झ्वोरिकिन अमेरिकेत त्याच दिशेने काम करत होता. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीत आयझॅक शोनबर्गच्या हाताखाली मोठी टीम कामाला लागली.

बेअर्ड मात्र बराच काळ चकतीलाच धरून राहिला. ज्या यंत्राने आपल्याला उपासमारीतून वर काढलं, शॉक दिले, नाव दिलं, ते सोडणं सोपं नसतं. त्याच्या कंपनीने पुढे कॅथोड रे ट्यूबचे रिसिव्हर केले, फार्न्सवर्थशी करारही केला. पण तोवर कंपनीचा कारभार दुसऱ्यांच्या हातात गेलेला होता आणि वेळही निघून गेली होती.

हरलेली मॅच

सरकारी समितीने ठरवलं की दोन्ही पद्धती प्रत्यक्ष चालवून पाहायच्या. २ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली. एक आठवडा बेअर्डची २४० रेषांची पद्धत, एक आठवडा मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. बेअर्डच्या स्टुडिओत मुख्य कॅमेरा सिनेमाच्या फिल्मवर चित्र घ्यायचा, ती फिल्म तिथल्या तिथे सुमारे एका मिनिटात धुतली जायची आणि ओली असतानाच तिचं स्कॅनिंग व्हायचं. हा कॅमेरा जागेवरून हलत नसे. पलीकडचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बागेतसुद्धा नेता यायचा.

त्यातच ३० नोव्हेंबरच्या रात्री क्रिस्टल पॅलेसला प्रचंड आग लागली. बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळांचा मोठा भाग तिथेच होता. तो जळाला. १९३७ च्या सुरुवातीला निकाल लागला : बेअर्डची पद्धत बंद, ४०५ रेषांची चालू. आग लागली नसती तरी निकाल बदलला असता असं वाटत नाही.

इथे बहुतेक चरित्रं संपतात. पण मला खरा बेअर्ड यानंतरच दिसतो. युद्ध सुरू झालं, १ सप्टेंबर १९३९ ला टेलिव्हिजन सेवा बंद पडली, त्याची कंपनी बुडाली. वय ५१, तब्येत तोळामासा, घरी बायको मार्गारेट आणि दोन लहान मुलं. त्याने लंडनच्या घरीच, स्वतःच्या पैशाने, दोन-तीन मदतनीस घेऊन काम पुन्हा सुरू केलं. आणि या वेळी चकती सोडून ट्यूबवर. बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत ऑगस्ट १९४४ मध्ये त्याने टेलिक्रोम नावाची, रंगीत चित्र दाखवणारी पूर्ण इलेक्ट्रॉनिक पिक्चर ट्यूब पत्रकारांना चालवून दाखवली. ज्या तंत्राने त्याला हरवलं, तेच तंत्र शिकून त्याने त्यात पुढचं पाऊल टाकलं होतं.

७ जून १९४६ ला बीबीसीची टेलिव्हिजन सेवा पुन्हा सुरू झाली. एका आठवड्याने, १४ जूनला, बेक्सहिल या गावी बेअर्ड वारला. वय ५७. टेलिक्रोमचं काम तिथेच थांबलं.

आपल्यापर्यंत

आपल्या देशात टेलिव्हिजन १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे निर्माते म्हणून आपले पु. ल. देशपांडे होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तारीख गांधी जयंतीची, पण योगायोग बघा, स्टूकी बिलचं तोंड पडद्यावर दिसलं त्याला त्या दिवशी बरोबर ४७ वर्षं झाली होती. पुढे आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र आलं आणि गावोगावच्या पत्र्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले. १९८७ ला रामायण सुरू झालं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी गल्ली, हे आपल्या आई-वडिलांना विचारा. ते चित्र होतं ६२५ रेषांचं. २०२२ पर्यंत दूरदर्शनने जवळपास सगळे ॲनालॉग प्रक्षेपकही बंद केले. बेअर्डच्या चकतीला हरवणाऱ्या पद्धतीच्या वारसांचीही पाळी आलीच.

मग आपलं उत्तर बरोबर की चूक? मला वाटतं, उत्तर बरोबर, पण अपुरं. निपको, स्विंटन, फार्न्सवर्थ, झ्वोरिकिन, शोनबर्ग या सगळ्यांना एका रकान्यात बसवता येत नाही म्हणून बेअर्डचं एकट्याचं नाव राहिलं. पण जे कागदावर होतं ते टेबलावर चालवून दाखवणारा पहिला तोच. चालतं हे दिसल्याशिवाय लोक, कंपन्या आणि सरकारं पैसा आणि माणसं ओतत नाहीत. त्याच्या ३० अंधुक रेषांनी हे काम केलं, आणि मग त्या बाजूला झाल्या.

दोस्तांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला लॅबमध्ये सामान नाही, बजेट नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो, आणि ती खोटी नसते. टोपीचा डबा आणि रफूची सुई यांच्यावरून आपण सुरुवात करण्यापुरतं धैर्य घेऊ शकतो. पण बेअर्डकडून दुसरी गोष्टही घ्यायला हवी, आणि ती जास्त अवघड आहे. आपल्या हाताने जोडलेलं मॉडेल कितीही लाडकं असलं, तरी त्याची मर्यादा कुठे आहे हे दुसऱ्याने सांगण्याआधी स्वतः मोजायचं. बेअर्डला हे कळायला उशीर झाला. कळल्यावर मात्र तो रुसून बसला नाही, पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला. कॉमन रूममध्ये मॅच बघताना त्या पडद्यावर त्याचा एकही स्क्रू नाही हे खरं. तरीही पुढच्या परीक्षेत हा प्रश्न आला तर त्याच्या नावावर टिक करा. फक्त आता माणूस ओळखून करा.